गाडी रूपाच्या नावावर

आम्ही मूळचे कुठले म्हणून विचारलात तर नक्की सांगता येत नाही हो. सासऱ्यांचे आजोबा की पणजोबा, कोणीतरी घोड्यांच्या मागून इकडं आले म्हणतात, राजाच्या पागेत होते म्हणतात, पण ते सगळेच म्हणतात, मैसूरातल्या कुठल्याही मराठ्याला विचारा, एक तर पागेत नाहीतर फौजेत, भांडी घासायला म्हणून कोणाचा पणजोबा आलाच नाही. माझं माहेर पण इथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि भांडण झालं की दोन्ही. तुमची मराठी पुण्याकडची, तुम्हाला माझं ऐकून हसू येत असेल, हसा की, पण मधे कन्नड आलं तर थांबवू नका, थांबवलं की पुढचं आठवत नाही मला. हल्ली तसं होतं.

नाव सरस्वतीबाई, सगळे सरूबाई म्हणतात. काम कुशनचं. म्हणजे गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायचं, जुना फोम काढून नवा भरायचा, वरून रेक्झीन ओढून ताणून बसवायचं. लग्नाच्या आधी ब्लाउज शिवत होते, मग सासरच्या गल्लीत कुशनचं दुकान होतं तिथं बाई पाहिजे म्हणाले, गेले, ती अजून जाते. पुरुष लोक सीट खोलून बाहेर आणून ठेवतात, मी मशीनवर. ब्लाउज आणि सीट यात काय फरक म्हणाल तर सीट कधी जाड होत नाही, बास. आमच्या दुकानात एक रीत आहे, मागचं सीट उचललं की खाली जे जे सापडतं ते एका डब्यात टाकायचं आणि गिऱ्हाइकाला हातात द्यायचं. शेंगदाणे, केसांच्या पिना, चिल्लर, बाहुलीचा हात. लोक लाजतात, अय्यो, टाकून द्या म्हणतात, पण आम्ही देतोच. आमच्या मालकांच्या वडिलांनी घालून दिलेलं आहे ते, दुसऱ्याच्या गाडीतलं शेंगदाण्याचं टरफल पण आपलं नाही म्हणून.

आणि आमचे हे कंपनीची बस चालवायचे, हेब्बाळला, इथल्या कारखान्यांच्या भागात. सकाळच्या पाळीची माणसं उचलायची, दुपारच्या पाळीची सोडायची, आयुष्य त्यातच गेलं. कृष्णोजीराव म्हटलं की हेब्बाळात ओळखतात. एवढी वर्षं लोकांना वेळेवर पोचवलं, पण घरची गाडी म्हणून कधी आली नाही. यांना बस कळते, मला सीट कळतं, मधली गाडी कोणाला कळत नाही, असं आमचा मंजू चिडवायचा.

मंजू आमचा मुलगा. एकच. हेब्बाळलाच कारखान्यात लागला, बापाच्या बसनं जायची लाज वाटते म्हणून स्कूटर घेतली. लग्न त्यानं स्वतः ठरवलं, मुलगी हुणसूरपलीकडच्या बेट्टदपुराची, रूपा, कन्नड घरची, शिक्षिका. आम्ही नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं म्हणून कोणी ऐकतं? चांगली निघाली पण, मराठी शिकली, माझ्याशी मराठी बोलते, चिडली की कन्नड. मला अत्ते म्हणते, सासूला म्हणतात तसं, आणि यांना मावा, म्हणजे मामंजी. मोठी धृती, मग पुट्टू. पुट्टूचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण तो सगळ्यांचा पुट्टूच. रविवारी चौघं स्कूटरवरून निघायची, पुट्टू पुढं उभा, मग मंजू, मग धृती चेपलेली, मागं रूपा अर्धी सीटवर अर्धी देवावर. मी दारातून बघायचे. सगळं गाव तसंच जातं की, आम्हीच काय नवीन.

तर मंजू गेला. एकटाच होता त्या दिवशी, ते एक बरं म्हणायचं, लोक पण तेच म्हणाले, एक बरं झालं पोरं नव्हती. हुणसूर रोडवर हिनकलच्या पुढं कुठल्यातरी लॉरीतून खडी सांडलेली, त्यावरून स्कूटर घसरली. पाऊस नाही, अंधार नाही, कोणाची टक्कर नाही, भांडायला पण कोणी नाही. हेल्मेट घातलेलं होतं. हे आधीच सांगते, कारण लोक पहिलं तेच विचारतात, हेल्मेट होतं का म्हणून, जसं काय नव्हतं म्हणाले तर त्यांना घरी जाऊन सुखानं जेवता येईल.

मी रडले नाही. काय सांगू तुम्हाला, मला स्वतःलाच समजलं नाही. बायका येऊन गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. धक्का बसलाय, रडेल, रडू दे म्हणाले. नाही रडले. दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं, मी कामावर जायला लागले. एकदा मशीनची सुई बोटातून गेली, हे इथं बघा, मी रक्त रेक्झीनवर पडू नये म्हणून हात बाजूला धरून बघत बसले, दुखलंच नाही. शेजारच्या मशीनवरची बाई ओरडली तेव्हा उठले. डॉक्टर म्हणाले शुगर बघा. बघितली, नव्हती.

मग रूपाचा भाऊ आला, महेश, बेट्टदपुराहून. चांगला माणूस आहे, वाईट बोलायला नको. जगलीवर, म्हणजे बाहेरच्या कट्ट्यावर बसला आणि यांना म्हणाला मावा, मी अक्काला घेऊन जातो, पोरांना पण, तिकडं शाळा आहे, घर आहे, आई आहे. चुकीचं काय बोलला तो? रूपाची शाळा एका टोकाला, पोरांची दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, ऑटोवाल्याच्या पाया पडून रोज जायची, सकाळी जेवणाचा डबा नाही तर झोप, दोन्हीतलं एकच मिळायचं तिला. मंजू होता तेव्हा स्कूटरवरून सगळं व्हायचं. हे आत जाऊन रेडिओ लावून बसले. यांचं सगळं जग म्हणजे ती दोन पोरं. माझं पण असणार की, पण मला ते कळत होतं फक्त, वाटत नव्हतं. तुम्हाला फरक समजतो का? भिंतीपलीकडं कोणाचं तरी बाळ रडतं ना, तेवढं.

रूपा म्हणाली, मी बघते. मग आम्हाला बसवून म्हणाली, अत्ते, मावा, मला जायचं नाही, पण असं पण जमत नाही. या घरात परत दोनचाकी नको. जुनी का असेना एक गाडी घेऊया, मी चालवायला शिकते. जमलं तर इथं राहते, नाही जमलं तर पुढच्या वर्षापासून बेट्टदपुर. सरळ सांगितलं. आम्हाला पण सरळच पाहिजे होतं.

मंजूच्या कारखान्याकडनं आलेले पैसे बँकेत होते, त्यांना कोणी हात लावला नव्हता, ते पोरांचे, विषय संपला. मग यांचं जे काय साठलेलं होतं त्यात बसेल ती गाडी. म्हणजे जुनीच. आणि घरात तीन मतं. यांचं मत, इंजिन बघायचं, बाकी सगळं रांगोळी. रूपाचं मत, आधी एअरबॅग, ब्रेक, मागच्या सीटला पण बेल्ट, बाकी गाडी ढकलत न्यावी लागली तरी चालेल. आणि पोरांचं मत, मज्जा आली पाहिजे. मज्जा म्हणजे काय रे म्हणून विचारलं तर पुट्टू म्हणाला गाणी, धृती म्हणाली मागची काच पूर्ण खाली गेली पाहिजे, अर्धी नाही, पूर्ण, मला हात बाहेर काढायचाय. रूपा म्हणाली हात बाहेर काढायचा नाही. धृती म्हणाली मग वारा तरी. स्कूटरवर वारा लागायचा ना हो तिला, बापाच्या पाठीमागून.

तुझं काय मत सरू, म्हणून यांनी विचारलं. मी म्हटलं, मला काही नाही. मला खरंच काही नव्हतं.

पहिली गाडी हिनकलकडं, जुन्या गाड्यांचं मोठं अंगण आहे तिथं. ऊन नुसतं काचांवर. विकणारा पोरगा इंग्रजी बोलायचा, सर सर म्हणून यांच्या मागं. मी आपली सवयीनं मागच्या सीटवर जाऊन बसले, हात फिरवला, शिलाई बघितली. अय्यो, काय काम होतं ते! दुहेरी टीप, कुठं चुणी नाही, फोम अजून ताठ. मी म्हटलं ही घ्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी घ्या म्हणाले असेन. यांनी बॉनेट उघडायला लावलं, गाडी चालू केली, कान लावला, मागं जाऊन धूर बघितला आणि बॉनेट आपटून म्हणाले, सरू, सीटनं गाडी चालत असती तर मी तुझ्या दुकानातच बस आणून लावली असती. इंजिन गेलेलं. पोरगा म्हणाला सर चालतंय की, हे म्हणाले चालतंय तर तूच ने घरी. मला यांचा राग पण आला नाही. पूर्वी मी आठवडाभर बोलले नसते.

दुसरी एक टॅक्सी होती आधीची, स्वस्त, इंजिन म्हणाल तर यांच्या तोंडाला पाणी सुटलं. हे म्हणाले हिला पोटाला घातलंय नीट मालकानं. रूपा मागं बसली आणि बेल्ट ओढायला लागली, तिची ती रीतच होती, प्रत्येक गाडीत मागं बसायचं, बेल्ट ओढायचा, लावायचा, झटका द्यायचा, तीन वेळा, चार वेळा, माणसं बघत राहायची. इथं बेल्ट निघेना. सीटच्या खाली दाबून टाकलेले, वरून कव्हर चढवलेलं. मालक म्हणाला मागं कोण लावतं हो बेल्ट, पॅसेंजर कुरकुर करतात म्हणून आत ढकलले. रूपा उतरली आणि चालायला लागली. हे मागनं ओरडले, अगं ते बाहेर काढता येतात, सरू काढेल, तिचं कामच ते. रूपा कन्नडात म्हणाली बेडा, मावा. नको. ज्यानं बेल्ट झाकून टाकला त्यानं दुसरं काय काय झाकलं असेल मला माहीत नाही. बसनं घरी आलो. पोरं रुसली, त्या गाडीत गाणी चांगली होती म्हणे.

असं बरेच रविवार चाललं. हे रोज सकाळी म्हणायचे, गाडी मिळेना तर ती जाणार. मी हं म्हणायचे आणि इडलीचं पीठ ढवळायचे.

मग एका मास्तरांकडची गाडी कळली. निवृत्त मास्तर, दोघंच नवराबायको, मुलगा परदेशात, मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं म्हणून विकायची होती. यांनी आधीच फोनवर बजावलं, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नका, थंड गाडीच बघणार, गरम इंजिन दुखणं लपवतं. मास्तर रागावले, मी काय चोर आहे काय म्हणाले, पण थंड ठेवली. गाडीचा रंग पिकलेल्या पपईसारखा. हे तोंड वाकडं करून म्हणाले, एवढ्या रंगाची गाडी लांबून दिसते हो. रूपा म्हणाली, लांबून दिसली पाहिजे, मावा, लॉरीवाल्याला पण. मग तिनं बेल्ट ओढले, झटके दिले, सगळे धरले. एअरबॅग ठीक आहे म्हणून शोरूममधून लिहून घेतलेलं होतं मास्तरांनी, मास्तरच ते. यांनी कान लावला, चावी फिरवली, एकदाच, लागली. आणि धृतीनं मागची काच खाली केली, हातानं फिरवायचा दांडा होता तिला, फिरवत गेली, फिरवत गेली, काच पूर्ण आत गेली. अज्जी, पूर्ण! म्हणून ओरडली. गाणी लागत नव्हती, पुट्टूला मास्तरीणबाईंनी चकली दिली.

मग चालवून बघायची म्हणून हे बसले. आता यांनी आयुष्यभर बस चालवलेली, छोट्या गाडीत बसले तरी बसच दिसते त्यांना. गल्लीतून वळताना आधी उजवीकडं एवढा मोठा वळसा, मग सावकाश डावीकडं. समोरच्या बायकांनी रांगोळीचे डबे उचलले. मास्तर ओरडले, अहो, केवढी जागा घेता! हे म्हणाले, मागचं चाक यायला नको का? मास्तर म्हणाले, मागचं चाक इथंच आहे हो, तुमच्या पाठीशी, लांब कुठं नाही. रूपा हसली. मंजू गेल्यावर पहिल्यांदा. मी बघितलं, रूपाचं हसणं म्हणून बघितलं, चांगलं झालं म्हणून मनात म्हटलं.

ठरलं तो शुक्रवार होता. मास्तरीणबाई म्हणाल्या आज चावी देणार नाही, शुक्रवारी घरची लक्ष्मी बाहेर देत नाहीत आमच्यात, उद्या या. आमच्यात पण तेच की. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांनी गाडी धुऊन पुसून, पुढं चिकटवलेला आपला गणपती काढून आत देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि माझ्या ओटीत नारळ घातला. मुलगी सासरी द्यावी तसं सगळं.

आता खरी गोष्ट सांगते, त्यासाठीच तुम्ही बसलाय. त्याच दिवशी कागद करायला एजंट आला होता. मास्तरांच्या हॉलमधे बसलेलो. एजंट म्हणाला, नाव कोणाचं घालायचं? हे पटकन म्हणाले, माझं. मग रूपाकडं न बघता माझ्याकडं बघून मराठीत हळूच म्हणाले, माझ्या नावावर असली की गाडी घरात राहते. मला समजलं. एवढ्या वर्षांत यांचं अर्धं बोलणं मी न बोलताच समजून घेतलंय. गाडी घरात राहिली की पोरं घरात राहतील, असं यांच्या डोक्यात. रूपाला पण समजलं, तिला मराठी येतं की, हे विसरले. ती चकलीच्या ताटाकडं बघत बसली.

मी म्हटलं, रूपाच्या नावावर घाला.

हे म्हणाले, तुला काय कळतं? चालवणारी ती, चावी तिच्याकडं, कागद पण तिचे झाले तर एक दिवस पोरांना मागं घालून निघून जाईल, तू मी दारात उभं राहून टाटा करायचं. यांचा आवाज चढलेला. मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, जायचीच असेल तर बसनं पण जाईल हो. ऑटोनं जाईल, भावाच्या मोटरसायकलवर दोन्ही पोरांना घेऊन जाईल. जायचीच असेल तर बेल्ट लावून जाऊ दे.

एवढंच बोलले. मोठ्यानं पण नाही. कुठनं आलं मला माहीत नाही, आतून काही उसळलं वगैरे म्हणाल तर तसं काही नाही, शिवताना टीप कुठं मारायची ते जसं हाताला कळतं तसं कळलं, बास. यांनी एजंटचा कागद पुढं ओढून वाचला, परत त्याच्याकडं सरकवला. मग एजंटला म्हणाले, लिही, रूपा. आणि घरी आल्यावर मला म्हणाले, होगली, सोड, आता झालं ते झालं.

गाडी दुकानात नेली मी, नवी कव्हरं शिवायला. मागचं सीट उचललं तेव्हा खाली काय सापडलं, पेन्सिलींचे तुकडे, एक गोटी आणि शाळेचा बॅज, पितळी, मास्तरांच्या मुलाचा असणार लहानपणचा. रीतीप्रमाणे डब्यात घालून नेऊन दिलं. मास्तरीणबाईंनी तो बॅज हातात घेतला आणि तिथंच जिन्यात बसून रडल्या. त्यांचा मुलगा जिवंत आहे हो. दर रविवारी फोन करतो. मी त्यांना आतून पाणी आणून दिलं आणि उभी राहिले. मला वाटलं, ही बाई किती सहज रडते. हेवा वाटला म्हणा, पण हेवा पण लांबूनच.

रूपा यांच्याकडं शिकली. हेब्बाळात रविवारी कारखान्यांच्या मागचे रस्ते मोकळे असतात, तिथं. हे शेजारी बसून बसचे नियम सांगायचे, आरशात बघ, स्टॉपच्या आधी वेग कमी कर, मागच्या माणसांना धक्का बसता नये. ती हो मावा म्हणायची. लायसनच्या परीक्षेला गेली तेव्हा तिथल्या साहेबानं विचारलं म्हणे, मॅडम, आधी लॉरी चालवायचात का? वळण घेते ना ती, यांच्यासारखंच, आधी उलट्या बाजूला एवढा वळसा, मग सावकाश. हे म्हणतात बरोबर आहे, तसंच पाहिजे.

मग आयुधपूजा आली. तुम्ही नवीन आहात, यंदा बघितलात ना, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मैसूरात सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांना हार. आम्ही पण गाडी धुतली, केळीची पानं बांधली, कोहळा फोडला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आता लिंबांवरून गाडी पुढं घ्यायची. रूपा आत गेलेली. गल्लीतल्या एका बाईनं हळूच म्हटलेलं तिला, आज मावांना बसू दे, शुभाचं असतं, तू नंतर चालव की रोजच. हे चावी घेऊन उभे, पण बसेनात, आत बघतायत. मी त्या बाईला म्हटलं, लिंबू चिरडायला पण नवरा लागतो काय ग? तिला राग आला, अजून नीट बोलत नाही. रूपाला मी आतनं हाताला धरून आणलं. बसली. बेल्ट ओढला, चावी फिरवली. लिंबं फुटली तशी पुट्टूनं उडी मारली, अजून एकदा, अम्मा, अजून एकदा! लिंबं संपलेली.

आणि मग एका रविवारी बेट्टदपुरला निघालो. सगळे. महेशानं बोलावलेलं. हे पुढं, मी मागं मधे, दोन्ही बाजूला दोन पोरं, सगळ्यांना बेल्ट, मला पण. हिनकल आलं. पुढं ती जागा आहे, तुम्ही रोज जाता तिथनं, दिसणार नाही काही, तिथं काही नाहीच. मला माहीत होतं रूपाला माहीत आहे, रूपाला माहीत होतं यांना माहीत आहे. धृतीनं काच खाली केली, दांडा फिरवत, पूर्ण, आणि म्हणाली, अप्पा इथं पडले. सांगितल्यासारखं, नुसतं. रूपानं वेग कमी केला, स्टॉपच्या आधी हे सांगतात तसा, धक्का न बसता. मग परत वाढवला. वारा आत आला, माझे केस सगळे सुटले. मला काही वाटलं नाही. वाटेल म्हणून मी तयार होऊन बसले होते, खरं सांगते, पण नाही.

बेट्टदपुरात जेवलो. पोरं मामाबरोबर डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या चढून आली, दमून. दुपारी महेश सगळ्यांसमोर म्हणाला, अक्का, आता तर गाडी पण तुझी आहे, सामान एका खेपेत येईल, कशाला तिकडं हाल करून घेतेस. रूपाची आई म्हणाली, हौदू, खरंच की. यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, बघ, मी सांगितलेलं, तूच घातलंस तिच्या नावावर. मी खाली बघितलं. मला तिला थांब म्हणायचं होतं का? होतं असणार. पण तोंडातनं एक शब्द येऊ दिला नाही. थांब म्हणायचंच असतं तर मग नाव कशाला घातलं तिचं?

रूपा उठली. भावाला म्हणाली, शाळेचं वर्ष संपू दे, मग बघू. मागं डिकीत आईनं दिलेलं नाचणीचं पीठ ठेवलं, नारळ ठेवले, पोरांना बसवलं, बेल्ट ओढले, झटका दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, अत्ते, बसा, उजेडात घरी पोचू. घरी म्हणाली हो. मी ऐकलं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. रूपानं आधी पलीकडच्या भिंतीपर्यंत मोठा वळसा घेतला, बसचा, आणि सावकाश मैसूरच्या बाजूला वळली. महेश मागून ओरडला, अगं, अक्का, केवढी जागा घेतेस! हे पुढनं म्हणाले, घेऊ दे, मागचं चाक यायला पाहिजे. आणि नाक शिंकरायला रुमाल काढला.

हुणसूर यायच्या आत दोन्ही पोरं झोपली. धृतीनं डोकं माझ्या मांडीवर टाकलं, पुट्टू दंडावर. जड झाली आहेत आता. थोड्या वेळानं पायाला मुंग्या यायला लागल्या, आधी तळव्याला, मग वर चढत चढत मांडीपर्यंत, मग हाताला, आणि मग असं दुखायला लागलं, असं दुखायला लागलं की डोळ्यांतनं पाणी आलं. मी पाय हलवला असता तर गेलं असतं ते. नाही हलवला. रूपानं आरशातनं बघितलं, काय झालं अत्ते म्हणाली, थांबवू का? मी म्हटलं, बेडा ग, पाय दुखतोय. दुखू दे. तू चालव.

आता दर रविवारी जातो. दर रविवारी महेश तेच म्हणतो, आणि ही तेच म्हणते, वर्ष संपू दे. वर्ष संपेल की हो, संपणारच. इकडं राहील, तिकडं जाईल, मला विचारू नका, मी तिला पण विचारत नाही. कव्हर माझ्या हातचं आहे, टीप दुहेरी मारलीय, उसवायची नाही. ती जिथं जाईल तिथं उजेडात पोचू दे, एवढंच मागते मी देवाकडं. चला, निघणार का तुम्ही? तुमच्याकडं दोनचाकीच ना? सावकाश जा. हिनकलच्या पुढं खडी असते.